सम्राटाचा कंठ आणि काचपट्टीची साक्ष

घरांतील कोणा एकाच्या अंगावरील गांठ, व्रण किंवा सूज ह्यांचा लहानसा तुकडा काढून तो 'तपासावयास' पाठविण्याचा प्रसंग ज्यांच्यावर कधींच आला नाहीं, अशीं कुटुंबें आज फार थोडीं असतील. तुकडा प्रयोगशाळेंत जातो. आणि तेथून एका कागदावर चार ओळी लिहून येईपर्यंतचे पांचसात दिवस घरांतील माणसें एकमेकांशीं मोजकेंच बोलतात, देवापुढील निरांजन थोडें अधिक वेळ तेवतें, आणि दारांत कोणी आलें तरी काळजांत धस्स होतें. कागद हातीं आला आणि त्यांत 'कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहींत' असे शब्द दिसले, कीं घर पुन्हा हसूं लागतें. ह्या शब्दांचा नेमका अर्थ काय, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. 'आढळल्या नाहींत' आणि 'नाहींत' ह्या दोहोंत अंतर एका शब्दाचें आहे. परंतु एके काळीं ह्याच अंतरांत एका साम्राज्याचा वारस सांपडला. आम्ही वैद्यकाचे अधिकारी नव्हों, इतिहासाचे अभ्यासक आहों. आणि इतिहासांतील ही हकीकत प्रत्येक घरास उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून ती आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

शरीराच्या आंतील रचना पाहून रोगाचें निदान करावें, ही कल्पना फार जुनी नाहीं. शतकानुशतकें रोग म्हणजे देहांतील दोषांचा बिघाड, अशीच समजूत होती. आपले वात-पित्त-कफ आणि ग्रीकांचे चार रस हे ह्या बाबतींत एकाच कुळांतले. पादुआ येथील विद्यापीठांतील मोर्गान्यी ह्यानें १७६१ मध्यें, वयाच्या एकोणऐंशींव्या वर्षीं, सुमारें सातशें शवविच्छेदनांच्या आधारें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला; तेव्हांपासून 'रोग कोणत्या अवयवांत आहे?' हा प्रश्न वैद्यकांत रूढ झाला. पुढें चाळीस वर्षांनीं फ्रान्समध्यें बिशा ह्या तरुण वैद्यानें अवयवाच्याही आंत शिरून, सर्व शरीर एकवीस प्रकारच्या ऊतींनीं विणलेलें आहे असें दाखविलें. हें सारें काम त्यानें नुसत्या डोळ्यांनीं केलें. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. वयाच्या तिसाव्या वर्षीं, १८०२ सालीं, तो वारला. त्याचा तो अविश्वास अगदींच अस्थानीं नव्हता. त्या वेळच्या भिंगांतून पाहिलेल्या वस्तूभोंवतीं रंगीत कडा दिसत, आणि खरी आकृति कोणती व भिंगानें निर्माण केलेली कोणती, हें सांगणें कठीण असे. हा दोष दूर करण्याची शास्त्रशुद्ध रीत १८३० मध्यें जोसेफ जॅक्सन लिस्टर ह्या लंडनच्या एका मद्यव्यापाऱ्यानें प्रसिद्ध केली. जंतुनाशक शस्त्रक्रियेमुळें पुढें विख्यात झालेला लिस्टर हा ह्याचाच मुलगा.

भिंग निर्दोष झालें, आणि लागलीच डोळेही उघडले. बर्लिनच्या योहानेस म्यूलर ह्यानें १८३८ मध्यें अर्बुदांच्या सूक्ष्म रचनेविषयीं पुस्तक लिहून, गांठीदेखील पेशींच्याच बनलेल्या असतात हें प्रतिपादिलें. त्याचा शिष्य रुडॉल्फ व्हिर्चो ह्यानें १८५८ मध्यें बर्लिन येथें वीस व्याख्यानें दिलीं व तींच पुढें 'पेशीविकृतिशास्त्र' ह्या ग्रंथाच्या रूपानें जगापुढें आलीं. प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, आणि रोग म्हणजे पेशींच्या जीवनांतील बिघाड, हें त्या ग्रंथाचें सार. ह्यामुळें कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. तो बाहेरून शिरलेला चोर नव्हे, तर घरांतलाच माणूस फितूर झालेला, असें ठरलें. आणि फितुरास ओळखावयाचें तर त्याचा चेहरा जवळून पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं, हेंही ओघानेंच आलें.

हा चेहरा पाहण्याचीं साधनें पुढील तीस-चाळीस वर्षांत एकेक करून सिद्ध झालीं. ऊतीचा तुकडा मेणांत बसवून त्याचे पापुद्र्याहूनही पातळ काप काढण्याची युक्ति निघाली. मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या गाभ्यापासून निघणाऱ्या हेमॅटॉक्सिलिन ह्या रंगानें पेशींचीं केंद्रकें निळीं-जांभळीं दिसतात, आणि इओसिन ह्या कृत्रिम रंगानें भोंवतालचा भाग गुलाबी होतो. ह्या दोहोंची जोडी १८७६ च्या सुमारास जमली, ती आजतागायत जगांतील प्रत्येक विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेंत टिकून आहे. जिवंत रोग्याच्या शरीरांतील तुकडा काढून तपासण्याच्या क्रियेस 'बायॉप्सी' हें नांव १८७९ मध्यें पॅरिसच्या बेनिए ह्या त्वचारोगतज्ज्ञानें दिलें. सारांश, १८८७ सालीं जेव्हां जर्मनीच्या युवराजाचा आवाज बसला, तेव्हां हें शास्त्र तारुण्यांत आलें होतें. तारुण्यांतला आत्मविश्वास त्याच्या अंगीं होता. अनुभव मात्र यावयाचा होता.

युवराज फ्रेडरिक हा सम्राट पहिला विल्हेल्म ह्याचा मुलगा व इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा जामात. वय पंचावन्न वर्षांचें, देह धिप्पाड, मतें उदार. बिस्मार्कच्या पोलादी राजनीतीस कंटाळलेले जर्मन लोक ह्याच्या राज्यारोहणाकडे डोळे लावून बसले होते. १८८७ च्या जानेवारींत त्याचा घसा बसला, तो सुधारेचना. मार्च महिन्यांत प्रोफेसर गेरहार्ट ह्यानें आरशानें घसा तपासला, तों डाव्या स्वरतंतूवर एक लहानशी गांठ दिसली. ती तारेच्या फासानें निघेना, म्हणून विजेनें तापविलेल्या तारेनें पुनःपुन्हा जाळण्यांत आली. युवराज एम्स येथें हवापालटास जाऊन आला. परंतु मे महिन्यांत गांठ पुन्हा पहिल्यासारखीच. तेव्हां बर्लिनचा प्रख्यात शस्त्रवैद्य फॉन बेर्गमान ह्यास बोलावण्यांत आलें. हा कर्करोग असावा, असा त्याचा व गेरहार्टचा कयास पडला, आणि गळ्यास बाहेरून छेद घेऊन स्वरयंत्र उघडावें व गांठ मुळासकट काढावी, असें ठरून २१ मे हा दिवसही मुक्रर झाला.

ही शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशीं खेळ होता. कर्करोगासाठीं सबंध स्वरयंत्र काढून टाकण्याचें धाडस व्हिएन्नाच्या बिलरोटनें १८७३ च्या अखेरीस प्रथम केलें होतें. परंतु तेव्हांपासून अशा शस्त्रक्रियांत दगावलेल्यांची संख्या भयंकर होती. बेर्गमानची योजना तितकी मोठी नसली, तरी तींत धोका होताच. म्हणून युरोपांतील आणखी एका घशाच्या वैद्याचें मत घ्यावें असें ठरलें, आणि लंडनहून मॉरेल मॅकेंझी हा २० मे रोजीं बर्लिनला येऊन दाखल झाला. त्यानें घसा पाहिला व सांगितलें, कीं सूक्ष्मदर्शकाखालीं तुकडा तपासून कर्करोग सिद्ध झाल्याशिवाय युवराजाच्या गळ्यास सुरी लावणें उचित नव्हे. आज हें वाक्य वैद्यकाचा पहिलीचा विद्यार्थीही बोलेल. त्या काळीं तें प्रगतीचें शेवटचें टोंक होतें. मॅकेंझीनें चिमट्यानें तुकडा काढला, आणि तो तपासण्याचें काम साहजिकच ज्याच्या शब्दापुढें कोणाचा शब्द चालत नसे त्या व्हिर्चोकडे आलें.

२१ मे ते ८ जून ह्या अडीच आठवड्यांत मॅकेंझीनें तीन वेळां तुकडे काढले, व्हिर्चोनें ते तपासले, आणि तिन्ही वेळां कर्करोग आढळला नाहीं. पहिला तुकडा फारच लहान होता. पुढील तुकड्यांत वरच्या आवरणाची जाडी वाढलेली, पृष्ठभाग चामखिळीसारखा खडबडीत, एवढेंच दिसलें. मात्र तिसऱ्या अहवालांत व्हिर्चोनें एक गोष्ट नमूद करून ठेविली होती. ती अशी, कीं हाच निर्णय सबंध रोगास लागू पडेल किंवा नाहीं, हें काढलेल्या तुकड्यांवरून निश्चयानें सांगतां येत नाहीं. हें वाक्य वाचलें सर्वांनीं. ऐकलें कोणींच नाहीं. शस्त्रक्रिया रद्द झाली. २१ जून रोजीं लंडनमध्यें राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, त्या मिरवणुकींत पांढऱ्या गणवेषांतील युवराज घोड्यावर बसून मिरवला. सप्टेंबरांत मॅकेंझीस 'सर' ही पदवी मिळाली. नोव्हेंबरांत इटलीच्या किनाऱ्यावरील सान रेमो येथें घशांत नवी वाढ दिसली, आणि कर्करोगाविषयीं मॅकेंझीसही शंका उरली नाहीं. सबंध स्वरयंत्र काढण्यास युवराजानें नकार दिला. ९ फेब्रुवारी १८८८ रोजीं श्वास कोंडूं लागल्यामुळें गळ्यास छिद्र पाडून नळी बसवावी लागली. ठीक एक महिन्यानें, ९ मार्चला, वृद्ध सम्राट वारला, आणि ज्यास एक अक्षर उच्चारतां येत नव्हतें असा पुरुष जर्मनीच्या सिंहासनावर बसला. कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून त्यानें नव्याण्णव दिवस राज्य केलें. १५ जून १८८८ रोजीं तो वारला. दुसऱ्या दिवशीं शवविच्छेदन झालें. त्या वेळीं व्हिर्चो स्वतः हजर होता. स्वरयंत्र कर्करोगानें पोखरून गेलेलें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें.

पुढें जी धुळवड झाली, तींत सत्य शोधण्यापेक्षां एकमेकांच्या तोंडास काळें फांसण्याचाच उत्साह अधिक होता. मॅकेंझीनें रोगट डाव्या बाजूऐवजीं निरोगी उजव्या स्वरतंतूस चिमटा लावला, असा आरोप जर्मन वैद्यांनीं केला व आपली बाजू मांडणारें पुस्तक काढलें. मॅकेंझीनेंही त्याच वर्षीं आपलें पुस्तक प्रसिद्ध करून त्यांत जर्मनांची यथेच्छ निंदा केली, आणि त्यापायीं लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या रॉयल कॉलेजनें त्याचा निषेध केला. फ्रेडरिक जगता तर जर्मनीचा इतिहास निराळा झाला असता काय, ह्यावर आजही वाद होतात. त्याचा मुलगा दुसरा विल्हेल्म गादीवर आला, दोन वर्षांत त्यानें बिस्मार्कला निरोप दिला, आणि १९१४ चें महायुद्ध त्याच्याच अमदानींत पेटलें, एवढें खरें. परंतु 'असें झालें असतें तर' हा इतिहासाचा प्रांत नव्हे. आमचा प्रश्न लहान आहे. व्हिर्चोसारख्या आचार्याच्या डोळ्यांस कर्करोग दिसला कां नाहीं?

ह्या प्रश्नाचें उत्तर साठ वर्षांनीं मिळालें, असें मानण्यास जागा आहे. १९४८ मध्यें अमेरिकेंतील लॉरेन ॲकरमन ह्यानें तोंडांत होणाऱ्या एका विरळ कर्करोगाचें वर्णन केलें. तो दिसतो चामखिळीसारखा. त्याच्या पेशी जवळजवळ निरोगी पेशींसारख्याच सभ्य. तो पसरतो सावकाश, परंतु खोल मुळाशीं भोंवतालच्या ऊतींस रेटीत जातो. अशा गांठीचा वरवरचा पापुद्रा तपासला, तर जगांतील कोणाही तज्ज्ञास तेथें जाड झालेल्या त्वचेखेरीज कांहीं दिसणार नाहीं. निदान व्हावयाचें तर तुकडा मुळाशीं पोंचलेला पाहिजे. पुढें ही जात स्वरयंत्रांतही आढळली, आणि फ्रेडरिकची गांठ ह्याच जातीची किंवा हिच्याशीं मिश्र असावी, असें मत कांहीं तज्ज्ञांनीं मांडलें. तें ग्राह्य धरलें, तर व्हिर्चोचे अहवाल चुकीचे नव्हते. जेवढें त्याच्या काचपट्टीवर होतें, तेवढेंच त्यानें सांगितलें. चूक झाली ती तुकड्याच्या साक्षीवरून सबंध गांठीचा निकाल लावण्यांत.

ह्या कथेंत आणखी एक पात्र आहे, आणि त्याचा विसर पडणें अन्यायाचें होईल. मार्च १८८८ मध्यें वाल्डेयर ह्या शरीररचनाशास्त्रज्ञानें रोग्याच्या खोकल्यावाटे बाहेर पडलेला मळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. त्यांत कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणें एकाभोंवतीं एक गुंडाळलेल्या आवरण-पेशींचे पुंजके त्यास दिसले, आणि हा कर्करोगच, असें त्यानें निःसंदिग्धपणें सांगितलें. योगायोग असा, कीं कर्करोग संयोजक ऊतींतून उद्भवतो असें व्हिर्चो मानीत असे. तो आवरण-पेशींतूनच उद्भवतो, हें १८६० नंतरच्या दशकांत सिद्ध करणाऱ्यांत वाल्डेयर हाच अग्रभागीं होता. चिमट्यानें ओरबाडून काढलेल्या तुकड्यानें जें सांगितलें नाहीं, तें गांठीनें आपण होऊन टाकलेल्या सुट्या पेशींनीं सांगितलें. अर्थात् तोंपर्यंत फार उशीर झाला होता, आणि रोगही लपून राहण्याच्या अवस्थेंत नव्हता. तरी सुट्या पेशींवरून निदान करण्याच्या विद्येची शक्ति त्यांत प्रकट झाली, ह्यांत शंका नाहीं. लंडनच्या लायोनेल बील ह्यानें १८६० मध्येंच घशाच्या कर्करोगाच्या पेशी थुंकींत ओळखल्या होत्या. ह्या विद्येस खरें वैभव आलें तें मात्र विसाव्या शतकांत. ग्रीसमधून अमेरिकेस गेलेला जॉर्ज पापानिकोलाऊ गिनीपिगांच्या योनिस्रावाचा अभ्यास करतां करतां स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगापर्यंत येऊन पोंचला. १९२८ मध्यें त्यानें आपला शोध सांगितला, तेव्हां कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. रुमानियाच्या ऑरेल बाबेश ह्यानेंही जवळजवळ त्याच सुमारास स्वतंत्रपणें तीच वाट धरली होती. १९४१ मध्यें पापानिकोलाऊनें ट्राउट ह्याच्यासह निबंध प्रसिद्ध केला, आणि मग जग जागें झालें. रोग्यास वेदना नाहींत, सुरी नाहीं, आणि रोग होण्यापूर्वींच त्याची चाहूल लागते, अशी ही परीक्षा आहे. तिनें किती घरांतल्या आया वांचविल्या, ह्याचा हिशेब ठेवणें कठीण.

आतां थोडें आपल्या देशाकडे वळूं. कारण ह्या शास्त्रांतील एक मोठा धडा येथल्या मातींतच शिकला गेला. कर्करोग चामखिळीचें सोंग घेतो, हें आपण पाहिलें. उलट, साधा संसर्गही अर्बुदाचें सोंग घेतो. अनवाणी शेतांत राबणाऱ्याचें पाऊल कांटा बोंचून वर्षानुवर्षें सुजत जातें, त्यास भोंकें पडतात, आणि अखेर तें दगडासारखें गांठाळ होतें. मदुरा येथें हा रोग १८४२ मध्यें प्रथम वर्णिला गेल्यामुळें त्यास 'मदुरा पाय' हें नांव पडलें. ह्याचें मूळ बुरशींत आहे, हें मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ह्यानें १८६० च्या सुमारास दाखविलें व १८७४ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. ग्रे ह्याच्या सुप्रसिद्ध शरीररचनाग्रंथांतील चित्रें काढणारा कार्टर तो हाच. ह्या व्रणांतून निघणारे काळे, पांढरे, पिवळे कण पुढें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले गेले, तेव्हां असें दिसून आलें, कीं बाहेरून एकच वाटणाऱ्या ह्या रोगाचीं कारणें दोन आहेत: कधीं बुरशी, तर कधीं जिवाणु. एकावर चालणारें औषध दुसऱ्यावर चालत नाहीं. म्हणजे काचपट्टीवरील एका कणाच्या ओळखीवर एका शेतकऱ्याचा पाय राहणें किंवा जाणें अवलंबून असतें. जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या रोगाची गणना उपेक्षित रोगांत केली, ती २०१६ सालीं.

दुसरें उदाहरण नाकांतल्या गांठीचें. तळ्यांत डुंबणाऱ्या माणसाच्या नाकांत स्ट्रॉबेरीच्या फळासारखी लाल, वर पांढरे ठिपके असलेली वाढ होते. ब्युनोस आयर्स येथें सीबर ह्यानें १९०० मध्यें, आणि कलकत्त्यास ओकिनीली ह्यानें १९०३ मध्यें तिचें वर्णन केलें. हा जीव प्रयोगशाळेंत वाढवितां येत नसल्यामुळें जंतूंची पैदास करून निदान करण्याचा मार्ग येथें बंद आहे. गांठीचा काप पाहिला, म्हणजे मात्र बीजाणूंनीं गच्च भरलेल्या त्याच्या मोठमोठ्या थैल्या साध्या भिंगाखालींही ओळखूं येतात. काळ्या आजाराची कथाही अशीच. डमडम येथें आजारी पडून पुढें इंग्लंडांत वारलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेंतील सूक्ष्म पिंड लीशमन ह्यानें १९०० मध्यें पाहिले व १९०३ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध केले. त्याच वर्षीं मद्रासच्या डोनोव्हन ह्यानें जिवंत रोग्याच्या प्लीहेंत सुई घालून काढलेल्या रक्तमिश्रित द्रवांत तेच पिंड दाखविले, आणि मृताची साक्ष जिवंताच्या कामीं आणिली.

मुंबईस १९४१ मध्यें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं एक पाऊल पुढें टाकिलें. गांठ कोणती, एवढ्यावरच न थांबतां, ती ह्याच माणसास व ह्याच जागीं कां झाली, असा प्रश्न त्यांनीं काचपट्टीस विचारला. घट्ट नेसलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणानें कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचें वर्णन त्यांनीं १९४५ मध्यें केलें. आपल्या नित्याच्या वस्त्रांतही रोगाचें बीज असूं शकतें, हें दाखविण्यास भिंगाबरोबर समाजाकडे पाहणारी दृष्टिही लागते.

आज साधनांस तोटा नाहीं. बारीक सुईनें गांठींतील पेशी ओढून घेण्याची रीत १९३० मध्यें न्यूयॉर्कच्या मार्टिन व एलिस ह्यांनीं मांडली, पुढें ती स्वीडनमध्यें बहरली, आणि आज जिल्ह्याच्या ठिकाणींही ती सर्रास चालते. पेशींवरील प्रथिनांस रंग देऊन त्यांची जात ओळखतां येते, त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची लिपि वाचतां येते. परंतु १८८७ सालचा नियम ह्यांतील एकाही शोधानें रद्द केलेला नाहीं. न्यायालयांत साक्षीदार आपण जें पाहिलें तेवढेंच सांगतो. जेथें तो उभाच नव्हता, तेथली हकीकत त्यास विचारून काय उपयोग? काचपट्टी ही अशी साक्षीदार आहे. ती खोटें बोलत नाहीं. पण तिला जेथें नेलें नाहीं, तेथलें ती सांगूं शकत नाहीं. 'कर्करोग आढळला' असें ती म्हणाली, तर तें वजनदार प्रमाण. 'आढळला नाहीं' असें म्हणाली, तर तुकडा कोठून काढला, किती खोलवरून काढला, आणि रोग्याची लक्षणें त्या उत्तराशीं जुळतात कीं नाहीं, हें पाहणें प्राप्त आहे. गांठ वाढतच असेल, आवाज बसलेलाच असेल, व्रण भरून येत नसेल, तर पुन्हा तुकडा द्यावयास सांगणारा वैद्य पैसे उकळीत नसून आपलें कर्तव्य करीत असतो.

ह्याचा अर्थ, अहवाल हातीं आल्यावर घरानें आनंद मानूंच नये, असा नव्हे. बहुतेक घरांत तो आनंद रास्तच असतो. आमचें म्हणणें इतकेंच, कीं त्या चार ओळी शेवटपर्यंत वाचाव्या. व्हिर्चोच्या तिसऱ्या अहवालांतील तें सावधगिरीचें वाक्य बर्लिनच्या राजवाड्यांत पोंचलें होतें. तें वाचणारे लोक विद्वान् होते, युवराजावर त्यांचें प्रेम होतें, आणि नेमकें म्हणूनच त्यांनीं त्यांतला हवा तेवढाच भाग उचलला. प्रेमाचा हा दोष राजवाड्यापुरताच आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.